मागच्या चाकाचा आवाज

ज्या घरात जुनी गाडी असते, त्या घरातल्या माणसांना तिचे आवाज ओळखू येऊ लागतात. रोजचा आवाज कुठला आणि नवा कुठला, हे स्वयंपाकघरात बसलेल्या अम्मीलाही कळते. पण आवाज ऐकू येणे वेगळे आणि तो कशाचा आहे हे ठरवणे वेगळे. ते ठरवता आले नाही तर पैसे वाया जातात आणि कधी कधी जिवावरही बेतते. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची रोजी चाकावर चालते. कुणाची रिक्षा, कुणाचा टेम्पो, कुणाची शाळेची व्हॅन. म्हणून आमच्या घरी या बाबतीत जे घडले ते सविस्तर लिहीत आहोत.

आमचा धाकटा भाऊ चिपळुणात शाळेच्या मुलांची ने-आण करतो. त्याची गाडी मारुती ओम्नी. १९८४ पासून २०१९ पर्यंत ही गाडी बनत होती आणि अजूनही गावोगाव दिसते. हिचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, पण जोर मिळतो मागच्या चाकांना. इंजिनाकडून एक लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागच्या हाउसिंगला मिळतो. हाउसिंगच्या मधल्या फुगीर भागात डिफरन्शियल असते. त्यातले क्राउन आणि पिनियन हे दोन दातेरी गिअर शाफ्टचे फिरणे काटकोनात वळवून दोन्ही बाजूंच्या एक्सल शाफ्टना देतात. चाकाजवळ बेअरिंग, त्याला लागून ऑइल सील आणि बाहेर ब्रेकचा ड्रम. ड्रमच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू आणि त्यांच्यावर लायनर. एवढ्या वस्तू वीतभर जागेत एकमेकींना चिकटून असतात. त्यामुळे मागून आवाज आला की तो नेमका कुणाचा, यात गफलत होते.

भावाच्या गाडीतून दोन आवाज येऊ लागले. एक घूं घूं असा सततचा, वेग वाढला की वाढणारा. दुसरा खर्र असा, फक्त ब्रेक दाबल्यावर येणारा. त्याने गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे सांगितले, डिफरन्शियल गेले, सबंध बदलावे लागेल. जुन्या मालातले आणून बसवायचे म्हटले तरी भावाची दोन महिन्यांची कमाई त्यात जाणार होती. तो घरी आला तेव्हा कर्ज कुणाकडून घ्यायचे, हाच विचार त्याच्या डोक्यात होता.

अब्बांनी तीस वर्षे मुंबई-गोवा महामार्गावर ट्रक चालवला. आता त्यांना कमी ऐकू येते, पण गाडीतले त्यांना कळते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “त्याने गाडी चालवून पाहिली का, बेटा?”

“नाही अब्बा. जागेवरच एक्सलेटर देऊन ऐकलं.”

“मग त्याने इंजिन ऐकलं. उभ्या गाडीत मागचं एक्सल फिरतंय कुठं?”

ही साधी गोष्ट आहे, पण तिथूनच सगळे सुरू होते. जो भाग फिरत नाही, तो बोलत नाही. मागच्या एक्सलचा आवाज शोधायचा तर गाडी चालवूनच शोधावा लागतो. आणि तोही चालवणाऱ्याने नव्हे. ओम्नीत इंजिन चालवणाऱ्याच्या खालीच असल्याने त्याला मागचे नीट ऐकू येत नाही. एकाने चालवायचे, एकाने मागे बसायचे आणि एकाने लिहायचे.

रविवारी फजरच्या नमाजनंतर आम्ही रिकामी गाडी घेऊन निघालो. बहादूरशेख नाक्यावरून कराड रस्त्याला, खेर्डी-पिंपळीच्या बाजूला. त्या वेळी रहदारी नसते. कुंभार्ली घाटाकडे जायचे नाही, हे आधीच ठरवले होते. ब्रेकवर शंका असलेली गाडी उतारावर नेऊन तपासायची नसते. भाऊ स्टीअरिंगवर होता. अब्बा मागे, चाकावरच्या पत्र्याला तळहात लावून बसले होते. कान साथ देत नसले तरी थरथर हाताला कळते, असे ते म्हणाले. आमच्याकडे वही होती. वर्गात प्रयोग शिकवताना मुलांना जे सांगतो तेच इथेही पाळले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे दिसेल ते लिहायचे.

पहिली तपासणी वेगाची. आवाज तीसच्या पुढे सुरू झाला आणि चाळीस-पन्नासला स्पष्ट झाला.

दुसरी क्लचची. चाळीसच्या वेगात क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झाले, पण घूं घूं तसेच राहिले. म्हणजे आवाज इंजिनाचा किंवा क्लचचा नव्हता. चाकांबरोबर जे फिरते, त्यातलाच तो होता.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची, एक्सलेटरची. क्राउन-पिनियनचे दात झिजले असतील तर त्यांचा आवाज जोराप्रमाणे बदलतो. एक्सलेटर दिले की दात एका बाजूने घासतात, सोडले की दुसऱ्या बाजूने. त्यामुळे एक्सलेटर देताना किंवा सोडताना शिट्टीसारखा सूर चढतो, नाहीतर उतरतो. आम्ही चार वेळा करून पाहिले. सूर तसाच राहिला. डिफरन्शियल बदला म्हणणाऱ्याचे म्हणणे इथेच लंगडे पडले.

चौथी रस्त्याची. टायर वेडेवाकडे झिजले असतील तर तेही घूं घूं करतात, पण रस्ता बदलला की त्यांचा आवाज बदलतो. महामार्गाच्या काँक्रीटवर एक, डांबरावर दुसरा. आमचा आवाज दोन्हीकडे सारखाच होता. तरी खात्रीसाठी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहिले. आवाज मागेच राहिला.

पाचवी वळणाची. रिकाम्या रस्त्यावर हलकेच उजवीकडे वळलो की गाडीचा भार डाव्या बाजूला येतो. उजवीकडे वळताना आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला. अब्बांनी डाव्या चाकावरच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. “इकडे.”

सहावी ब्रेकची. खर्र आवाज पुढून की मागून, हे पायाच्या ब्रेकने कळत नाही, कारण तो चारही चाकांना लागतो. हँडब्रेक मात्र फक्त मागच्या ड्रमना लागतो. मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगात, लिव्हरचे बटण दाबून धरूनच तो हलका ओढला. तोच खर्र आवाज आला. म्हणजे तो मागच्या ड्रममधलाच होता.

शेवटची उष्णतेची. शक्य तितका कमी ब्रेक वापरत दहा किलोमीटर चालवून गाडी थांबवली आणि मागच्या दोन्ही चाकांच्या मध्याजवळ हात नेला. लावला नाही, नुसता जवळ नेला. उजवे चाक कोमट, डावे चांगलेच तापलेले.

घरी आल्यावर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मागची दोन्ही चाके उचलली आणि एक्सलखाली स्टँड दिले. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणी हात घालू नये. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग एका हाताने चाक फिरवायचे आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवायचा. बेअरिंग चांगले असेल तर पाट्यात काही जाणवत नाही. डाव्या बाजूला वाळू दळल्यासारखी खरखर हाताला लागली. चाक वरून आणि खालून धरून हलवले तर थोडे हललेही. ड्रमच्या मागच्या पत्र्याची आतली बाजू ओली होती आणि तिला गिअर ऑइलचा उग्र वास होता.

वही घेऊन आम्ही दुसऱ्या मेस्त्रींकडे गेलो. वयस्कर गृहस्थ. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी वही वाचली, स्वतः गाडी चालवून पाहिली आणि म्हणाले, “बेअरिंग आहे. सील गेलंय, तेल ड्रममध्ये उतरलंय. उघडल्यावर बाकीचं सांगतो. पण सामान मंगळवारपर्यंत येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळच्या फेरीला मुले उभी राहणार होती. भाऊ आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, “भाईजान, दोन दिवसांचंच तर आहे. हळू चालवतो. आजवर काही झालं नाही ना.”

त्याचे म्हणणे आम्हाला समजत होते. फेरी बंद म्हणजे पैसे बंद, आणि पालक दुसरी गाडी शोधतील ही भीती. पण चाचांनी त्याला जवळ बोलावून दाखवले की या प्रकारच्या एक्सलमध्ये चाक, ड्रम आणि एक्सल शाफ्ट हे सगळे त्या एका बेअरिंगच्या आणि त्यामागच्या रिंगच्या आधाराने जागेवर राहते. बेअरिंग पुरते फुटले किंवा रिंग सरकली तर शाफ्ट चाकासकट बाहेर येऊ शकतो. शिवाय एका बाजूच्या लायनरला तेल लागलेले असले की दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत. जोरात ब्रेक मारला तर गाडी एकीकडे ओढली जाते.

अब्बा म्हणाले, “दुआ पढून गाडी चालू करतोस, ते चांगलंच आहे. पण आधी उंट बांधायचा असतो. आणि ही मुलं तुझी नाहीत, अमानत आहेत.”

त्या रात्री भावाने एकेका पालकाला स्वतः फोन केला. गाडीचे खरे कारण सांगितले आणि चार दिवस येणार नाही म्हटले. बहुतेकांनी समजून घेतले. एका आईने शुक्रिया म्हटले. दोन घरांनी दुसरी व्हॅन धरली, आणि त्यातले एक घर नंतर परत आलेच नाही. खरे बोलण्याचे नुकसानही असते. ते झाले.

मंगळवारी ड्रम उघडला. लायनर तेलाने काळेभोर झाले होते. एका शूचे लायनर कडेने सुटून वर आले होते, खालच्या लोखंडावर गंजाचे पापुद्रे होते आणि ते लोखंड ड्रमला घासून त्यावर चरे पडले होते. खर्र आवाज तो. एक्सल शाफ्ट ओढून काढला, तर बेअरिंगच्या आत गंजाचे खड्डे. घूं घूं आवाज तो. दोन आवाज, दोन दुखणी वाटत होती, पण मूळ बरेचसे एकच होते. खराब बेअरिंगमुळे शाफ्ट हलू लागला, त्याने सील झिजवले आणि सीलमधून तेल ब्रेकमध्ये गेले.

मग चाचांनी डिफरन्शियलचा खालचा प्लग काढला. तेल बाहेर आले ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे. ते सगळ्यांना दाखवून चाचा म्हणाले, “यात पाणी गेलेलं आहे. ही गाडी पुरात उभी होती.”

हाउसिंगच्या वर हवा जाण्यायेण्यासाठी एक बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तापलेले हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि त्या वाटेने पाणी आत ओढले जाते. भावाने गाडी २०२३ मध्ये घेतली होती आणि त्यानंतर ती पाण्यात गेली नव्हती. आम्ही सीटच्या पट्ट्या काढल्या. पट्ट्यांच्या खाचेत, जॅक ठेवायच्या जागेत आणि मागच्या दिव्यांच्या आत पिठासारखा बारीक सुकलेला गाळ होता. चिपळूणकराला तो गाळ ओळखायला कुणी शिकवावे लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आम्ही तोच गाळ घरातून फावड्याने काढला होता.

दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि सील, दोन्ही बाजूंचे ब्रेक शू आणि ब्रेकचे तेल बदलले. डावा ड्रम लेथवर साफ केला. ब्रीदर मोकळा केला. डिफरन्शियलचे तेल बदलून थोडी गाडी चालवली आणि पुन्हा बदलले. क्राउन-पिनियनचे दात पाहिले, ते चांगले होते, तसेच ठेवले. सगळा खर्च पहिल्या गॅरेजने सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यात झाला. डिफरन्शियल बदलले असते तरी खराब बेअरिंग चाकापाशी तसेच राहिले असते, आणि आवाजही.

गाडी विकणाऱ्याकडे अब्बा आणि आम्ही गेलो. तो ओळखीचाच होता. पुराचे त्याने नाकारले नाही. म्हणाला, “तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.” त्याने पैसे दिले नाहीत आणि आम्ही भांडलो नाही. पण त्याचे ते वाक्य आमच्या मनातून जात नाही, कारण आज बाजारात ते फार जणांच्या तोंडी आहे.

पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग आपल्यातल्या बहुतेकांनी खुतब्यात ऐकलेला असतो. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. गिऱ्हाइकाने हात घालून पाहावे, असे त्यांनी म्हटले नाही. ऐब दाखवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. फिकहमध्ये याला पूर्ण बाब आहे. लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर खरेदीदाराला सौदा परत करण्याचा हक्क असतो, त्याला खियारुल ऐब म्हणतात. आपण हलाल-हराम ताटापुरते फार जपतो. जुनी गाडी, जुना मोबाइल, ओल धरणारी खोली विकतानाही तोच प्रश्न असतो. पुरात बुडालेली गाडी विकणे गैर नाही. ती पुरात बुडाली होती हे सांगून, त्याप्रमाणे भाव कमी करून विकता येते. न सांगता विकली तर तिच्यात कोण बसेल हे विकणाऱ्याला माहीत नसते. आमच्या गाडीत पहिली-दुसरीतली मुले बसत होती.

वाचकांच्या उपयोगासाठी आणखी काही आवाज सांगतो. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स घेताना टक् असा एकच आवाज आला तर लांब शाफ्टचा क्रॉस, ढिला यू-बोल्ट किंवा पाट्यांचे बुश पाहावे. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर केली आणि मग ती थांबली, तर तो ड्रमवरचा वरवरचा गंज असतो. त्याची चिंता नको. ब्रेक दाबताना पाय धडधडत वर-खाली होत असेल तर ड्रमचा गोलपणा बिघडलेला असू शकतो. ब्रेक न दाबताही एकसारखे घासल्याचा आवाज येत असेल तर अडकलेली हँडब्रेकची केबल, तुटलेली शूची स्प्रिंग किंवा आत गेलेला खडा शोधावा. तेल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नयेत. ते बदलावेत, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडाला मास्क असावा.

जुनी गाडी घेताना सीटच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांचे आतले कोपरे आणि जॅकची जागा पाहावी. डिफरन्शियलच्या तेलाचा थेंब बोटावर घ्यावा. दुधाळ असेल तर आत पाणी आहे, चमकणारे कण असतील तर आतले लोखंड झिजते आहे. आणि विकणाऱ्याला तोंडावर विचारावे, गाडी पाण्यात होती का? विचारणे आपले कर्तव्य नसले तरी विचारावे.

भावाच्या वहीत त्या रविवारच्या नोंदी आहेत. पुढे बेअरिंग, सील, शू कुठल्या तारखेला बदलले तेही आहे, आणि पहिल्या पानावर ‘गाडी २०२१ च्या पुरात उभी होती’ असे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. गाडी कधी विकलीच तर ही वही गाडीबरोबर जाईल, असे त्याने अब्बांना सांगितले आहे. तूर्त गाडी चालते आहे. दर जुम्याला, मुलांना सोडून आल्यावर आणि नमाजला निघण्याआधी, तो मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहतो. दोन्ही सारखीच कोमट असतात, अल्हम्दुलिल्लाह.